भागीरथीकाकूंचे तांदूळ

कुळगावच्या त्या अंगणात समोरासमोर दोन घरं होती आणि दोन घरांच्या मधे माधवी होती. लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं, स्वयंपाक, नवऱ्याचा डबा आणि सासू एवढंच सांभाळायचं आहे. महिनाभरात कळलं की आणखी एक काम आपल्या वाट्याला आलंय, निरोप पोचवायचं. सासूबाई, म्हणजे अंजनीबाई, आपल्या ओट्यावरून म्हणायच्या, "माधवी, तुझ्या काकूला सांग, नळाला पाणी आलंय." समोरच्या ओट्यावर बसलेल्या चुलतसासूंनी, भागीरथीकाकूंनी, ते स्वच्छ ऐकलेलं असायचं. तरी माधवीने तिकडे वळून म्हणायचं, "काकू, आई म्हणतात पाणी आलंय." मग काकू म्हणायच्या, "तिला सांग, दिसतंय मला." की माधवीने पुन्हा इकडे वळायचं. आल्यागेल्याला याची गंमत वाटायची. माधवीलाही पहिल्यांदा वाटली होती, पुढे वाटेनाशी झाली.

अबोल्याचं मूळ एका हळदीत होतं. माधवीचे सासरे गेले त्याच्या पुढच्याच वर्षी काकूंच्या मुलीचं लग्न निघालं. अंजनीबाई त्या लग्नात मरमर राबल्या. हळद लावायची वेळ आली, त्या वाटी घेऊन पुढे झाल्या, तेव्हा काकू चार बायकांदेखत म्हणाल्या, "तू जरा मागं थांब." विधवेनं हळदीला हात लावू नये हा रिवाज अंजनीबाईंना माहीत नव्हता असं नाही. दुसरं कोणी म्हणालं असतं तर त्या मुकाट्यानं मागे सरल्या असत्या. पण जिला त्या या घरात आल्या दिवसापासून 'बाय' म्हणत आल्या, जिच्या बरोबरीनं भाताच्या लावण्या केल्या, जिची बाळंतपणं काढली, तिनं असं म्हणावं हे त्यांच्या जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून त्यांनी 'बाय' म्हणणं सोडलं. पुढे काकूंचेही यजमान गेले, दोघींची कपाळं सारखीच मोकळी झाली, पण अबोला सुटला नाही. एकीचा ताठा आणि दुसरीची लाज, दोन्ही चांगलीच चिवट होती.

या घरात काठमांडूचं वारं शिरलं ते बकुळाताईंमुळे. बकुळाताईंचं अंबरनाथला शिवमंदिराच्या वाटेवर हारफुलांचं दुकान आहे आणि जगातली सगळी माहिती त्यांना इतरांच्या आधी कळते असा त्यांचा स्वतःचा समज आहे. अंजनीबाई दर शिवरात्रीला त्यांच्याकडूनच बेल घेतात. या वर्षी बेलाबरोबर बकुळाताईंनी बातमी दिली की उल्हासनगरचा एक सिंधी टूरवाला फक्त बायकांची काठमांडू सहल काढतोय आणि नेपाळला पासपोर्ट लागत नाही, मतदानाचं कार्ड चालतं. अंजनीबाईंना पशुपतिनाथाची आस जन्माची होती, फक्त परदेश म्हटल्यावर ती त्यांनी गुंडाळून ठेवली होती. त्या दिवशी त्या घरी आल्या त्या कार्ड शोधायला लागल्या. एकटीनं जायचं नाही म्हणून माधवीचंही नाव घातलं गेलं. माधवी याआधी माहेरपलीकडे कुठेही गेली नव्हती. ती वरवर नको नको म्हणाली आणि मनातून हरखून गेली.

निघायच्या आदल्या दिवशी मात्र जे घडलं ते त्या अंगणानं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. भागीरथीकाकू अंगण ओलांडून आल्या. नदीकडच्या एका तुकड्यात त्या अजून भात लावायच्या, त्यातल्या नव्या तांदळाची पुरचुंडी त्यांनी ओट्याच्या कडेवर ठेवली आणि माधवीकडे बघत म्हणाल्या, "तुझ्या सासूला सांग, पशुपतीला माझ्या नावानं वाहा."

अंजनीबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी पुरचुंडीकडे पाहिलं, पदराशी चाळा केला आणि म्हणाल्या, "तिला सांग, वाहीन. आणि परसाद कुणाच्या हाती धाडणार नाय. मी आणून देईन."

माधवीने दोन्ही निरोप इकडून तिकडे पोचवले. काकू मान हलवून परत गेल्या. अंजनीबाईंनी ती पुरचुंडी आपल्या पिशवीत, औषधांच्याही वर ठेवली.

काठमांडूत पहिले दिवस मजेत गेले. अंजनीबाईंना सगळंच आवडत होतं आणि सगळ्याची तुलना घरच्याशी चालली होती. स्वयंभूनाथाची माकडं आपल्याकडच्या माकडांपेक्षा सभ्य आहेत, बौद्धनाथाच्या स्तूपावरचे ते डोळे रंगवलेले असले तरी बघतात हो आपल्याकडे, इथलं वरण पातळ असतं. बकुळाताई गाइडच्या आधी माहिती सांगायच्या आणि ती चुकायची. माधवी फोटो काढून घरी मुलीला, अनुयाला पाठवायची. दहा वर्षांची पोर आजीची माकडांबरोबरची मुद्रा बघून फोनवर खिदळायची आणि तिच्याबरोबर माधवीही. आपल्याला असंही हसता येतं, हे माधवी विसरून गेली होती.

शनिवारी त्यांना जुन्या राजवाड्यापुढच्या हनुमानढोका चौकात नेलं. तिकडे शनिवारची सुट्टी असते, त्यामुळे सगळं गाव देवळांच्या पायऱ्यांवर येऊन बसलं होतं. लाकडावरचं ते कोरीवकाम, मोराच्या पिसाऱ्यासारख्या खिडक्या, भूकंपानंतर भिंतींना लावलेले वासे, कबुतरं. अंजनीबाई कबुतरांना दाणे टाकत होत्या. तेवढ्यात माधवीला नवऱ्याचा, महेशचा फोन आला.

भागीरथीकाकू गेल्या होत्या. सकाळी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि भिंतीला टेकल्या त्या टेकल्याच. दुपारी नेणार होते. महेशचा आवाज बसला होता, पण त्याचा बेत पक्का होता. आईला काही सांगायचं नाही. तिचं बीपी, परका मुलुख, मधलं विमान मिळणार नाही, मिळालं तरी तोंड दिसणार नाही. मग हकनाक तिचा जीव कशाला टांगणीला लावायचा. आली की घरी नीट बसवून सांगू.

माधवीने विचारलं, "सोमवारी पशुपतिनाथ आहे. सुतकात आई देवळात कशा जातील? आणि काकूंचे तांदूळ आहेत त्यांच्याकडे."

महेशचं डोकं अशा वेळी वकिलासारखं चालतं. तो म्हणाला, "सुतक कानावर आलं की लागतं. आईच्या कानावर आलंच नाही, तर तिला कसलं सुतक? जाऊ दे तिला. जन्मभराची इच्छा आहे."

"आणि मला?"

"तुझ्या कानावर आलं ना. तू आत नको जाऊस."

फोन ठेवल्यावर माधवी एका देवळाच्या पायरीवर बसली. तिला काकूंसाठी रडू येत होतं आणि रडायची सोय नव्हती. महेशचं तिला पटलं नव्हतं. पण नवऱ्याचा शब्द मोडून सासूला हे कसं सांगायचं याची तिला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर, आता सांगितलं की ही सहल संपली, हेही तिच्या मनात येऊन गेलं. स्वतःची तिला किळस आली. ती तोंड पुसून उठली.

कोणाचा फोन, म्हणून अंजनीबाईंनी विचारलं. माधवी म्हणाली, अनुयाला खोकला झालाय. पहिलं खोटं जड गेलं, दुसरं त्याहून सोपं. सासूबाईंचा फोन तिने मागून घेतला, इथे तो चालू ठेवला तर भलतं बिल येतं म्हणाली, आणि बंद करून आपल्या पर्समध्ये टाकला. तिला माहीत होतं, गावातल्या निम्म्या लोकांनी एव्हाना काकूंचा फोटो हार घालून स्टेटसला लावला असेल.

त्याच संध्याकाळी बाजारात अंजनीबाई शालींच्या दुकानात शिरल्या. स्वतःसाठी काही बघेनात. दुकानदाराने रंगामागून रंग उलगडले आणि त्या माधवीला म्हणाल्या, "तिला कुठला शोभेल गो? पहाटे शेतावर जाते, फाटकं स्वेटर घालून. मरून घेऊ का तो हिरवा?"

माधवीने शालीवर हात ठेवला. मऊ होती. काकू यावेळी कुठे असतील हे तिला ठाऊक होतं. सगळं आटोपून माणसं नदीवरून परत फिरली असतील. ती म्हणाली, "मरून."

"माझ्या मनात तोच व्हता," अंजनीबाई खूश होऊन म्हणाल्या.

रविवारी बसमधून कुठली कुठली देवळं पाहिली. पाण्यात निजलेला विष्णू पाहिला. माधवीला फक्त पाणी आठवतं. हॉटेलवर आल्यावर अंजनीबाई पलंगावर बसून शालीची घडी उलगडत, पुन्हा घालत होत्या. मधेच हळूच म्हणाल्या, "पयल्यांदा काय म्हणू? एकदम बाय म्हणायला तोंड उघडंल का माझं?" आणि मग भिंतीकडे बघून, कुणी नाही असं समजून, त्यांनी म्हणून पाहिलं. "बाय, घे. परसाद आणलाय." त्यांना ते पसंत पडलं नाही. जरा मोठ्यानं पुन्हा म्हणाल्या.

माधवी तेव्हा उठून त्यांच्याजवळ गेली होती. शब्द अगदी ओठांवर होते. अंजनीबाईंनी मान वर केली, त्यांचा चेहरा लहान पोरीसारखा लाजलेला होता. माधवी म्हणाली, गोळी घ्यायची राहिलीय, आणि पाणी आणायला गेली.

सोमवारी पहाटेच पशुपतिनाथ. वाटेवर रुद्राक्षांची दुकानं, झेंडूच्या माळा, चपला सांभाळणाऱ्या बायका. अंजनीबाईंनी पिशवीतून पुरचुंडी काढली आणि वहाणा उतरवायला वाकताना ती माधवीपुढे धरली. माधवीने हात मागे घेतला.

"धर की."

"आई, मला अडचण आलीय. मी नाही येत आत."

अंजनीबाईंच्या कपाळाला आठी पडली. गोळ्या घेतल्या होत्यास ना, म्हणून त्यांनी विचारलं. माधवी म्हणाली, घेतल्या होत्या, पण कसं कोण जाणे. त्यांना तिच्याबद्दल वाईटच वाटलं. एवढ्या लांब येऊन दर्शन चुकलं, तुझ्या वतीनंही हात जोडते, असं म्हणून त्यांनी तिच्या गालावरून बोटं फिरवली आणि बकुळाताईंचा हात धरून त्या मोठ्या दरवाजातून आत गेल्या. माधवीला आतल्या सोनेरी नंदीची फक्त पाठ दिसली.

ती बाजूच्या वाटेनं पूल ओलांडून बागमतीच्या पलीकडच्या काठावर जाऊन बसली. समोर घाटावर दोन चिता जळत होत्या. तिसरीवर कुणाला तरी ठेवत होते, पिवळ्या कापडात गुंडाळलेलं लहानसं शरीर. बाईचं असावं. तिची माणसं शांतपणे पायांना पाणी लावत होती. जवळच प्रवासी फोटो काढत होते. माधवी तिथे एकदाची रडली. ओळख ना पाळख, त्या बाईसाठी रडायला तिला कुणी मना केलं नव्हतं.

अंजनीबाई बाहेर आल्या त्या उजळून. चार तोंडांचा देव, चार दारं, प्रत्येक दारातून दर्शन. आपला अंबरनाथचा पायऱ्या उतरून खाली अंधारात भेटतो, हा चारी बाजूंनी बघतो, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. तांदूळ त्यांनी चारही दारांत थोडे थोडे पुजाऱ्याच्या हाती दिले होते. "एका दारात माझ्या नावानं," त्या म्हणाल्या, "तीन दारांत तिच्या."

माधवीने विचारायला नको होतं, पण विचारलं. "काय मागितलंत?"

"आयुष्य मागितलं तिला. म्हटलं, लई वर्षं फुकट घालवली. आता बोलायला येळ दे आमाला."

बकुळाताई एवढ्या बोलक्या, पण त्यांनी माधवीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे एकवार पाहिलं आणि त्या दिवसभर काही बोलल्या नाहीत. परतताना बसमध्ये तेवढं कानाशी म्हणाल्या, "घरी पोचायच्या आत सांगून टाक. जे असेल ते." माधवीने मान डोलावली. विमानात सांगू असं ठरवलं. विमानात अंजनीबाई खिडकीतून ढग बघत होत्या.

विमानतळावर महेश आला होता. त्याने चेहरा नीट ठेवला होता. गाडीत तो टोलबद्दल आणि रस्त्यांबद्दल बोलत राहिला. त्याचा बेत असा होता की आधी चहा, मग अंघोळ, मग शेजारच्या दोन बायांना बोलावून हळूहळू विषय काढायचा. बेत चांगलाच होता, फक्त त्यात अंजनीबाईंचा विचार नव्हता. गाडी कुळगावला अंगणाच्या तोंडाशी थांबली, आणि त्या प्रसादाचा पुडा आणि शाल छातीशी धरून, पायसुद्धा न धुता, सरळ समोरच्या घराकडे निघाल्या. महेश म्हणाला, आई, आधी चहा घे. त्यांनी ऐकलं नाही. माधवी त्यांच्यामागे धावली, पण अंगण केवढंसं.

ओट्यावर चढता चढताच अंजनीबाई म्हणाल्या, "बाय, घे, परसाद..." आणि थांबल्या.

आतल्या खोलीत भिंतीपाशी जमिनीवर पणती जळत होती. त्या भागातल्या कुठल्याही बाईला ती पणती ओळखायला वेळ लागत नाही. काकूंचा मुलगा धर्मराज डोकं भादरून सतरंजीवर बसला होता. तो उठला. अंजनीबाईंनी त्याला एवढंच विचारलं, "कवा?"

"शनिवारी सकाळी. काकी, मी दादाला म्हटलं होतं, व्हिडिओ कॉल करून तुला तोंड दाखवू. तो नको म्हणाला." धर्मराजचा आवाज फुटला. "चहा पिताना विचारत होती, आज काय बघायला गेल्या असतील म्हणून."

अंजनीबाई रडल्या नाहीत. हातातला प्रसाद सुतकाच्या घरात न्यायचा नसतो, म्हणून त्या एक पायरी मागे आल्या. त्यांनी तो पुडा तुळशीजवळच्या कोनाड्यात ठेवला. मग त्या माधवीकडे वळल्या. शनिवार त्यांनी मनात उलगडला असावा, कबुतरं, फोन, शाल, मग सोमवार, पुढे केलेली पुरचुंडी आणि मागे घेतलेला हात. तिथे त्या थांबल्या.

"अडचण नव्हती तुला," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तू तुझं सुतक पाळलंस. मला पाळू दिलं नाय."

महेश मधे पडला. सगळं मी सांगितलं होतं, तिचा दोष नाही, तुझ्याच तब्येतीसाठी केलं, तुझं दर्शन तरी झालं, असं तो बोलत राहिला. ते सगळं खरं होतं आणि त्यातलं एकही वाक्य अंजनीबाईंच्या कामाचं नव्हतं. मेलेल्या जावेसाठी त्या तीन दारांत आयुष्य मागून आल्या होत्या आणि सून बाहेर बसून शुद्ध राहिली होती. त्यांनी डोक्यावरून गार पाणी घेतलं आणि ओल्या लुगड्यानंच त्या बराच वेळ न्हाणीत उभ्या राहिल्या.

भटजींना विचारलं, तर ते म्हणाले, उरलेले दिवस धरले तरी चालतं. अंजनीबाई म्हणाल्या, आज कानावर आलं, आजपासून पुरे दहा दिवस धरीन.

संध्याकाळी माधवी चहा घेऊन गेली. अंजनीबाई ती शाल मांडीवर घेऊन ओट्यावर समोरच्या घराकडे तोंड करून बसल्या होत्या, शेजारी अनुया नेपाळहून आणलेल्या मण्यांची माळ बोटांत फिरवत होती. माधवीने कप पुढे धरला. अंजनीबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "अनुया, तुझ्या आईला सांग, मला चहा नको."

अनुयाला आधी हसू आलं. आजी आणि मोठ्या आजीचा हा खेळ ती जन्मापासून बघत आली होती. ती आईकडे वळली. "आई, आजी म्हणते..." आईचा चेहरा बघून ती मधेच थांबली.

माधवीला तो थांबलेला चेहरा ओळखीचा वाटला. लग्नानंतर महिन्याभरानं तिचा स्वतःचा असाच झाला असेल. 'आजीला सांग' हे शब्द तिच्या तोंडात तयारच होते, इतक्या वर्षांची सवय होती. तिने ते गिळले. कप खाली ठेवला आणि ती सासूच्या पायांशी, अगदी समोर, जमिनीवर बसली. मग शनिवारी त्या चौकात जे तिने सांगायला हवं होतं, ते तिने पहिल्यापासून सांगितलं.

"आई, भागीरथीकाकू गेल्या. सकाळी चहा पिता पिता गेल्या. त्रास झाला नाही त्यांना. घरी परत जायचं का आपण?"

अंजनीबाईंनी डोळे मिटले. नंतर त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून धर्मराज समोरच्या दारात आला. त्या शाल तोंडाशी धरून रडल्या, "बाय गो, बाय" म्हणत रडल्या, इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं. माधवीने त्यांचे पाय धरून ठेवले. त्यांनी ते ओढून घेतले नाहीत.

बऱ्याच वेळानं त्यांनी पदरानं तोंड पुसलं. शाल खांद्यावर टाकली, भिंतीचा आधार घेत उठल्या.

"अनुया," त्या म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग, मी दहा दिवस तिकडं ऱ्हाणार. माझी गोदडी पाठवून दे म्हणावं."

आणि अंगण ओलांडून त्या काकूंच्या ओट्यावर, काकूंच्या जागी जाऊन बसल्या. अनुयाने निरोप सांगितला. माधवी गोदडी आणायला उठली.